उलटा उभा राहिलेला गोठा

आमच्या वखारीत नवं गिऱ्हाईक आलं, की माझ्याकडे बघून झाल्यावर ते माझ्या मागे बघायचं आणि विचारायचं, "मालक नाहीत का?" मी म्हणायची, "आहेत की. रेल्वेत ड्यूटीवर आहेत. पण लाकूड हवं असेल तर माझ्याशीच बोलावं लागेल." माझ्या नवऱ्याला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, आणि त्याचं त्याला कधी दुःखही झालं नाही. वखार माझ्या वडिलांची, वलवणच्या रस्त्याला. त्यांच्यानंतर मी चालवली आणि गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा बंद केली.

वखार म्हटलं की लोकांना करवतीचा आवाज आणि भुसा आठवतो. आमची वखार जुन्या लाकडाची. म्हणजे मावळातलं एखादं घर, गोठा, पडवी मोडायची ठरली, की आम्ही जायचो, ती उतरवायचो आणि तिचं लाकूड विकायचो. पाडणं वेगळं आणि उतरवणं वेगळं, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं. पाडायला जेसीबी लागतो आणि एक सकाळ पुरते. उतरवायचं म्हणजे जे सगळ्यात शेवटी चढलं ते सगळ्यात आधी काढायचं. कौलं, मग रिपा, मग वासे, मग आढं, तुळया आणि सगळ्यात शेवटी खांब. जुन्या कामात खिळा जवळपास नसतोच. खांबाच्या डोक्याला कुसू काढलेला असतो, तो तुळईच्या भोकात बसतो आणि आडवी लाकडी खुंटी मारलेली असते. ती खुंटी कुठल्या बाजूने मारली आहे हे ओळखून उलट्या बाजूने ठोकायची. चुकलं तर तुळई फाटते आणि मग ती तुळई राहत नाही, सरपण होतं.

वडिलांचा एक नियम होता. पहिलं कौल घरच्या माणसानं काढायचं. आमच्यातल्या कुणीही त्याआधी छपराला हात लावायचा नाही. यात देवाधर्माचं फार काही नव्हतं. उद्या कुणी म्हणायला नको की वलवणच्या वखारवाल्यांनी आमचं घर मोडलं, एवढाच हिशेब. पण या नियमाने बरंच काही कळायचं. एकदा कान्ह्याच्या बाजूला दोन भाऊ होते. थोरल्याने बोलावलं, सगळं ठरलं, शिडी लावली. थोरला वर चढला, पहिलं कौल काढलं, हातात धरून बसला आणि परत जिथल्या तिथे ठेवून खाली आला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." आम्ही रिकामा टेम्पो घेऊन परत आलो. ते घर अजून उभं आहे, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

गिऱ्हाइकं बहुतेक तुंगार्लीची. म्हणजे बंगला तुंगार्लीत, माणसं मुंबई-पुण्याची. एका गृहस्थांनी गोठ्याचं दार नेलं, बंगल्याला मुख्य दार म्हणून बसवलं, आणि महिन्याभराने कपाळाला पट्टी लावून तक्रार घेऊन आले. दार बुटकं निघालं म्हणे. दार पहिल्या दिवसापासून तेवढंच होतं. दुसऱ्या एक बाई यायच्या, त्यांना किडीची भोकं असलेलं लाकूड हवं असायचं. माझ्या वडिलांची हयात असलं लाकूड टाळण्यात गेली होती. आमच्याकडे ते बंबात जायचं. त्या बाईंनंतर मी त्याचा वेगळा ढीग रचायला लागले आणि त्याला "डिझाइनचं" म्हणायला लागले. आमचा दशरथभाऊ सुतार त्या ढिगाकडे बघून रोज एकदा मान हलवायचा.

तर अशा या धंद्यात एकदाच मी एक सांगाडा अख्खा विकला. त्याचंच सांगायचं आहे.

बेडश्याच्या पलीकडच्या एका वाडीतून संपतचा फोन आला. गोठ्याखालची जागा विकली होती, घेणाऱ्याला ती पावसाळ्याआधी मोकळी हवी होती. बैल केव्हाच गेले होते, दारात ट्रॅक्टर होता. "मावशी, लाकूड चांगलंय, पण लवकर न्या," संपत म्हणाला. मी आणि दशरथभाऊ बघायला गेलो.

गोठा मोठा होता. एका बाजूला बैलांची दावण, मधे गाडी उभी करायची जागा आणि वर पेंढा ठेवायचा माळा. भाताच्या मुलखात गोठ्याला एवढी उंची लागतेच, कारण सुगीनंतर वर्षभराचा पेंढा कोरडा ठेवायचा असतो. खांब सगळे ऐनाचे. ऐन म्हणजे असं लाकूड, की पटाशी मारली तर लाकडाला काही होत नाही, आपला हात झिणझिणतो. दशरथभाऊने दोन-तीन खांबांवर बोटाने टकटक केलं आणि खूश झाला.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. आमच्याकडचा पाऊस पश्चिमेकडून येतो, आणि तो वरून पडत नाही, आडवा येतो. म्हणून मावळातला गोठा बांधताना पश्चिमेचं छप्पर खाली, पार कमरेपर्यंत ओढून आणतात. माणूस वाकल्याशिवाय त्या बाजूने आत जाऊ शकत नाही, आणि पाऊसही. पूर्वेची बाजू उंच आणि उघडी, गाडी तिथून आत येते. इथे सगळं याच्या उलट होतं. उतरतं छप्पर पूर्वेला, आणि उंच उघडी बाजू थेट पावसाच्या तोंडावर. तिथे कारवीच्या काटक्यांचा भलामोठा कूड आडोशाला बांधलेला, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुन्या होर्डिंगचं कापड.

मी संपतला म्हटलं, "हा गोठा उलटा आहे."

"उलटा म्हंजे?" तो म्हणाला. तो त्याच गोठ्यात लहानाचा मोठा झाला होता. गोठे असेच असतात आणि दर ज्येष्ठात त्यांना कूड बांधायचा असतो, अशीच त्याची समजूत.

बाजूला बाजेवर त्याचे वडील बसले होते. वाडीत त्यांना सगळे आबाच म्हणत. ते हसले. "आलं का ध्यानात, ताई? आजपतुर कुनाच्याबी न्हाई आलं."

मग दशरथभाऊने एका खांबावरची धूळ पुसली, आणि आम्हाला खुणा दिसल्या. सांगाडा उतरवून दुसरीकडे उभा करायचा असला, की सुतार प्रत्येक खांबावर आणि त्याच्या तुळईवर पटाशीने सारख्या खुणा करतो. एक रेघ, दोन रेघा, फुली. म्हणजे कुणाची जोडी कुणाशी हे नंतर कळतं. या गोठ्यावर तशा खुणा होत्या. म्हणजे तो आधी एकदा उतरवला गेला होता. आणि सगळ्या खुणा पश्चिमेकडे तोंड करून होत्या.

आबांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते.

"आमचं गाव खाली व्हतं. आता पवनेच्या पान्यात हाय. धरनाचं नक्की झालं तवा ज्याला जे नेता यील ते त्यानं उचललं. भिताडं कोन नेनार? लाकूड नेलं. ह्यो गोठा माझ्या आज्यानं बांधल्याला. गावच्या सुतारानं खुना घातल्या, उतरवला, आमी गाड्या भरभरून हितं आनला. सुताराला जमीन मिळाली लय लांब, त्यो तिकडं गेला. मी अन् माझा बा शेवटच्या गाड्या आनाय खाली गेलतो. तवर हितल्या मान्सांनी काय केलं, समदी वाडी जमली अन् इर्जिक घातली. त्यांच्या सुताराच्या घरात खूण पावसाच्या अंगाला करायची रीत. आमच्या सुताराची उगवतीला. ह्यानं खुना बघितल्या अन् समदा गोठा फिरवून उभा केला. आमी सांजच्याला गाड्या घेऊन येतोय तर गोठा उभा! वासंबी चढल्यालं. मान्सं जेवाय बसल्याली, माझी आय वाढतीय."

इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला अख्ख्या गावाने एक दिवस फुकट राबायचं आणि ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. पैशाचा संबंध नाही. आज मी तुझ्याकडे आलो, उद्या तू माझ्याकडे ये.

"मग तुमच्या वडिलांनी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"काय सांगायचं, ताई? आमी उपरी. आदल्या दिसापतुर त्या मान्सांची अन् आमची वळखबी न्हाई. ती व्हऊन आली, राबली, जेवली. त्यास्नी म्हनायचं, तुमी उलटा केला, उद्या पुन्यांदा या? बानं एकदा गोठ्याकडं बघितलं अन् पानावर बसला. पुढं मरंपतुर कुनाला बोलला न्हाई. दर साली कूड बांधायचा. वाडीतलं कुनी इचारलं तर म्हनायचा, हितं वारंच लय."

मी धंद्यात बरीच घरं पाहिली, त्यात रडणारी माणसंही पाहिली. आबा रडत वगैरे नव्हते. त्यांनी अगदी सौदा करावा तशी अट घातली. गोठा सुटा विकायचा नाही. कुणीतरी अख्खा न्यायचा आणि सरळ उभा करायचा, उतरतं अंग पावसाला. "मला येकदा सरळ उभा बघायचाय. मंग त्येचं कायबी व्हऊ द्या." आणि तोपर्यंत पहिलं कौल ते काढणार नाहीत.

संपत वैतागला. "आबा, जागा विकलीय. त्यो मानूस जेसीबी घालंल."

"घालू दे की. मंग ताईंचं लाकूड बी जाईल," आबा म्हणाले. म्हातारा आमचा नियम कुठूनतरी ऐकून होता आणि त्याने तो बरोबर आमच्यावरच वापरला.

खरं सांगायचं तर धंद्याच्या दृष्टीने हे सगळं खुळेपणाचं होतं. सुटं लाकूड हातोहात जातं. अख्खा गोठा घेऊन कोण काय करणार? पण मला त्या गोठ्याची ओढ लागली हेही खरं. मी विचारत राहिले. आणि उन्हाळा लागता लागता तुंगार्लीतल्या एका मॅडम सापडल्या. तळ्यावर बंगला, मोठी मोकळी जागा, पाहुण्यांसाठी त्यांना "काहीतरी इथलं" बांधायचं होतं. मी त्यांना गोठा दाखवायला घेऊन गेले. आबांशी बोलल्या, सगळी हकिगत ऐकली, डोळे पुसले. "आबा, तुम्ही म्हणाल तसाच उभा करू," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आजही माझं तेच मत आहे.

आबा दुसऱ्याच दिवशी शिडीवर चढले. संपत खालून ओरडत होता, "आबा, मी काढतो की!" आबांनी लक्ष दिलं नाही. कौल काढून त्यांनी खाली माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हं, लागा कामाला."

आम्ही जुन्या खुणांना हात लावला नाही. दशरथभाऊने शेजारी आपल्या नव्या खुणा घातल्या, आणि प्रत्येक खांबावर उगवतीची बाजू खडूने लिहूनही ठेवली. आता ह्यात कुणाची चूक व्हायला नको, म्हणाला. तुंगार्लीत दगडी जोत्यावर खांब उभे राहिले, तुळया बसल्या, वासे चढले. कुसू भोकात असे बसत होते, की जणू कालच निघाले होते. शेवटी तीच कौलं चढवली. पश्चिमेचं छप्पर खाली उतरलं, पार कमरेपर्यंत. मी वाकून त्याखाली गेले आणि जोत्यावर थोडा वेळ बसले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मी आबांना फोन केला. "या बघायला. गाडी पाठवते."

"आता नगं," आबा म्हणाले. "उन्हात कुटलाबी गोठा सरळच दिसतो. पाऊस लागू द्या. झड उतरत्या अंगावर आपटून खाली कशी जाती ते बघायचंय मला. ते आमच्यात कुनी बघितलंच न्हाई हितं आल्यापास्नं."

मला ते पटलं. मग पाऊस लागला, आणि भाताची लावणी आली. लावणीच्या दिवसांत मावळात कुणी कुठे जात नाही. ती उरकल्यावर एका सकाळी संपतने आबांना माझ्याकडे आणून सोडलं. आबांनी धुवट धोतर, टोपी, सगळा लग्नाला जायचा थाट केला होता. पाऊस असा होता की गाडीचा वायपर नुसता नावाला हलत होता. आबा खुशीत होते. "असाच पायजेल," म्हणाले.

मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी आबांचा हात धरून आत नेलं. गोठा होता तिथेच होता. पण त्याच्यावर आणि त्याच्याभोवती लोखंडी खांब रोवून प्रचंड मोठं काचेचं छप्पर घातलेलं होतं, पश्चिमेला खालपर्यंत काचेची भिंत. पाऊस वर कुठेतरी पडत होता, त्याचा आवाज येत होता, पण गोठा अगदी कोरडा. त्याच्यात सोफे, दिवे, गालिचा. आणि उतरतं छप्पर नव्हतं. वासे मधेच कापून कड वर घेतली होती, पार माणसाच्या डोक्याच्या वर.

मॅडमच सांगायला लागल्या. तळं पश्चिमेला. उतरत्या छपरामुळे आत बसून ते दिसेना, पाहुण्यांना अंधार वाटायचा. म्हणून आर्किटेक्टने ती बाजू थोडी उचलली. मग पहिल्याच पावसात सगळं पाणी आत आलं, फर्निचर भिजलं. म्हणून मग ही काच. "पण आबा, दिशा आम्ही अजिबात बदलली नाही हं. तुम्ही म्हणालात तशीच आहे."

माझ्या ओठांवर शब्द आले होते, आणि ते चांगले नव्हते. आबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. मग ते एका खांबाजवळ गेले, खुणांवरून हात फिरवला, वर कापलेल्या वाशांकडे थोडा वेळ बघितलं.

"बरोबर उभा आहे ना?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या तोंडावर खरोखरची काळजी होती.

"व्हय. बरुबर हाय," आबा म्हणाले. "लय निगुतीनं ठेवलाय तुमी."

मॅडम हरखल्या. त्यांनी आम्हाला बसवलं. गरम थालीपीठ, लोणी, चहा. थालीपीठ त्यांनी स्वतः केलं होतं, कारण आबा येणार होते. आबांनी सावकाश, पोटभर खाल्लं. मी माझं थालीपीठ नुसतं मोडत बसले. निघताना मॅडम आबांच्या पाया पडल्या.

आम्ही गाडीत बसलो. वलवणचा फाटा आला तेव्हा राहवेना. "आबा, सांगितलं का नाही त्यांना?"

"काय सांगायचं? काम झाल्यालं. घरात बलावून खाऊ घातलं त्यांनी. पोरगी चांगली हाय."

"पण वासे कापले, आबा. ऐनाचे वासे. आता ते कुणाला जोडता येणार नाहीत."

"व्हय."

मला राग आला होता. मॅडमचा आला होता, त्या आर्किटेक्टचा आला होता, आणि थालीपीठ निवांत खाऊन उठलेल्या या म्हाताऱ्याचा सगळ्यात जास्त आला होता. मी म्हटलं, "आणि तुमचं काय? तुम्हाला एकदा सरळ उभा बघायचा होता. ते राहिलंच ना? उन्हाळ्यात आला असतात तर..."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्यावरचं पाणी झटकलं.

"न्हाई, ताई. तुमी कौलं चढवल्यापास्नं त्यांनी वासं कापंपतुर त्यो सरळच व्हता की. व्हता ना?"

"होता."

"तुमी बघितला?"

"बघितला, आबा."

"मग झालं," आबा म्हणाले, आणि काचेवरची वाफ हाताने पुसून बाहेर बघायला लागले.